येऊन राहिला होता

साल दोन हजार चोवीस. शाळेच्या दाखल्यावर माझं वय आता त्र्याहत्तर आणि माझ्या मायच्या हिशोबानं पंच्याहत्तर, कारण मास्तरांनी मला भिंतीला उभं करून, उंची बघून वय टाकलं होतं. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तर म्हणाले पाढे म्हण, मी म्हणालो आज न्हाई म्हणत, आणि ते प्रकरण तिथंच मिटलं. त्या दिवसापासून शेळ्या. अक्षर माझं शेळीनं खुरानं काढल्यासारखं आहे, पण माझं मला वाचता येतं. तेवढ्या बळावर हे लिहून राहिलो आहे.

'लिहून राहिलो' म्हणजे आता या घडीला लिहितोय. आमच्या भागात असंच बोलतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण याच बोलण्यापायी माझा भाचा आत गेला आणि याच बोलण्यापायी बाहेर आला.

गाव आमचं नरसीच्या वाटेवर. धाकटी बहीण गावातच दिलेली. तिचं दार आणि माझा शेळ्यांचा कोठा यांच्यामध्ये एक बोळ. मेव्हणा लवकर गेला. एक पोरगा, तो माझा भाचा. भाच्याचा एक चुलत भाऊ होता, बहिणीच्या दिराचा थोरला मुलगा. दोघांची शेतं लागून, विहीर एक, मोटर एक, आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. दोघंही लहानपणी माझ्या शेळीच्या सडाला तोंड लावून दूध प्यालेले. कोण कुणापेक्षा वाईट होता असं मी म्हणणार न्हाई. चुलत भावाच्या मात्र नाकावर राग बसलेला असायचा.

पौषातली सकाळ होती. हळद पाण्याला आली होती. पाळी चुलत भावाची, पण मोटर उचलेना, म्हणून भाचा पहार बाजूला ठेवून, पेटी उघडून तारा बघत बसला होता. त्याला वाटलं दुरुस्त करावी, म्हणजे दोघांचं भागेल. लांबून बघणाऱ्याला वाटलं, हा माझं पाणी चोरून राहिला.

मी बाभळीखाली होतो. मला जे दिसलं तेवढंच सांगतो. कोर्टातही तेवढंच सांगितलं. चुलत भाऊ बांधावरून, कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरून, भाच्याकडं येऊन राहिला होता. पेटीकडं वळला तशी त्याची पाठ माझ्याकडं झाली. तो जवळ गेला तसा त्याच्या पाठीआड भाचा झाकला गेला. मग पहार वर झालेली दिसली आणि खाली आलेली दिसली. एकदाच. मी पळत गेलो. चुलत भाऊ आडवा झालेला, आणि भाचा एका हातानं दुसरा हात दाबून बसलेला; कोपराखाली कातडं उघडून रक्त गळत होतं. "मामा, तो उठंना," एवढंच म्हणाला. मी माझ्या डोक्याचा पटका सोडला आणि त्याचा हात बांधला. जीप मिळाली, पण चुलत भाऊ दवाखान्याच्या अलीकडंच गेला.

भाच्याला त्याच दिवशी पोलिसांनी नेलं. माझा पटकाही नेला.

बहिणीनं एक वकील धरला. त्यानं सल्ला दिला की पोरगा तिथं नव्हताच असं म्हणायचं, नांदेडला गेला होता म्हणायचं. आता त्या जागी उघड्या डोळ्यांनी उभा असलेला माणूस एकच, मी. सरकारनंही मलाच साक्षीला घेतलेलं. साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी बहीण कोठ्यात आली आणि शेळीच्या गव्हाणीवर बसली.

"दादा, एकच बोल. म्हण, मी शेळ्या घेऊन वढ्याच्या पल्याड व्हतो."

"व्हतो का?"

"न्हवता. पण म्हण."

"आन त्याच्या हाताला पटका कुणी बांधला? वढ्यानं?"

"तुज्या पोटचा असता तर असा बोलला असता का?"

"तरी बी हेच बोललो असतो."

"मंग तू दगड हायेस."

"दगडच लागतो बांधाला," मी म्हणालो.

ती उठून गेली. हसण्यासारखं बोललो होतो, पण ती हसली न्हाई.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभा राहिलो. जज्ज साहेब भला माणूस, पण लांबचा. मी 'का'ला 'काहून' म्हणालो की ते खाली बसलेल्या बाबूकडं बघायचे. सरकारी वकिलांनी विचारलं, मी सांगितलं: मी शेळ्या चारून राहिलो होतो. भाचा पेटीपाशी काम करून राहिला होता. त्याचा चुलत भाऊ दोन्ही हातांनी कुऱ्हाड धरून त्याच्याकडं येऊन राहिला होता. मग भाच्यानं पहार हाणली, एकदाच. भाच्याचा हात कशानं फाटला ते विचारलं. मला दिसलं न्हाई, मधी पाठ होती, असं सांगितलं. कुऱ्हाडीनं फाटला असणार हे लहान पोरालाही कळेल. पण असणार वेगळं आणि दिसलं वेगळं.

मग भाच्याचा वकील उठला, म्हणजे आमच्याच बाजूचा. तो माझ्यावरच घसरला.

"तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे ना?"

"उजव्यातला काढला. डाव्यात अजून आला न्हाई."

"अंतर किती होतं? फुटात सांगा."

"फूट मला कळत न्हाई. हाळी दिली तर ओ येईल इतकं."

"इतक्या लांबचं माणूस तुम्हाला ओळखू येतं?"

"साहेब, त्या खिडकीतनं बघा. रस्त्यापल्याड चहावाल्याची शेळी दिसून राहिली का? गाभण हाये. या हप्त्यात विईल."

कोर्टात सगळे हसले. वकील तेवढा हसला न्हाई. मी वाट बघून राहिलो की हा आता कुऱ्हाडीचं विचारील. त्यानं विचारलंच न्हाई. बसा म्हणाला. मी म्हणालो, आणखी विचारा ना. तर शिपायानं हात धरून खाली उतरवलं.

निकाल लागला. जन्मठेप. तो इंग्रजीत होता. आम्हाला सांगितलं ते एवढंच की सख्खा मामा आपल्या भाच्याला खोटं अडकवणार न्हाई, म्हणून मामाचा शब्द खरा धरला. माझ्या खरेपणाची तारीफ करून माझ्याच भाच्याला जन्मठेप दिली. मी तर सांगितलं होतं की कुऱ्हाड येऊन राहिली होती. मग माझा शब्द खरा असून पोरगा आत कसा गेला, हे मला कुणी समजावून सांगेना. गावानं आपल्या मनानं समजून घेतलं. गाव म्हणालं, म्हाताऱ्यानं कोर्टात वेगळं सांगितलं असणार.

बहिणीनं माझ्याकडं बघणं सोडलं. पहिल्या भाऊबीजेला मी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसलो. बोलावणं आलं न्हाई. दुसऱ्या भाऊबीजेलाही बसलो. अशा चार गेल्या. बोलावल्याशिवाय जायचं न्हाई हा आमच्या घरचा कायदा, आणि तीही त्याच घरची, त्यामुळं तिला तो बराबर माहीत होता. तिच्या दोन शेळ्या मात्र रोज सकाळी माझ्या कळपात येत राहिल्या. ती बोळाच्या तोंडाशी दावं सोडायची, तोंड फिरवायची, शेळ्या आपसूक यायच्या. मेलेल्याच्या बायकोची एक शेळीही त्याच कळपात. तिन्ही एकाच बोराटीला तोंड लावायच्या. मी कुणाचीच शेळी परत पाठवली न्हाई.

मग एक दिवस फोन आला. बाईचा आवाज. वरच्या कोर्टात भाच्याचं अपील चालणार होतं, आणि गरिबाला सरकारकडून जो फुकट वकील मिळतो तो म्हणजे ही बाई.

"बाबा, साक्षीत तुम्ही 'येऊन राहिला होता' असं म्हणालात का?"

"व्हय."

"म्हणजे येऊन उभा राहिला होता?"

"उभा काहून राहील? येऊन राहिला म्हंजी येऊन राहिला. चालत. पाय उचलून."

ती हसली. "माझं आजोळ पुसदकडचं आहे बाबा. मला तसंच वाटलं होतं. पण इंग्रजी भाषांतरात तुम्ही त्याला उभा केलाय. येऊन उभा राहिलेल्या माणसाला भाच्यानं मारलं, असं झालंय ते. आणि कुऱ्हाड काय, कुठल्याही शेतकऱ्याच्या जवळ असते, असं धरलंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "तारीख सांगा. मी येतो आन त्यांना सांगतो."

"येऊ नका. वरच्या कोर्टात साक्ष होत नाही."

"साक्षीदार मी. मला न विचारता निकाल कसा लागंल?"

"बाबा, येऊ नका," ती म्हणाली, आणि तारीख सांगितली. तिथं ती चुकली.

संभाजीनगरच्या पहाटेच्या गाडीत चढलो तर पुढच्या सीटवर बहीण. तिलाही तारीख कळलेली. मी मागं खिडकीशी बसलो. जिंतूर येईपर्यंत एक शब्द न्हाई. गाडी थांबली तसं तिनं फडकं सोडलं आणि शेजारच्या अनोळखी बाईला मोठ्यानं म्हणाली, "काही माणसांना सकाळी पोटात काही न्हाई पडलं की चक्कर येती. वय झालं तरी डोकं तेवढं ताठ." आणि न बघता अर्धी भाकर आणि ठेचा मागं सरकवला.

मी खिडकीला म्हणालो, "भाकर करपली."

"करपली तर ठेवा म्हणावं खाली," ती त्या बाईला म्हणाली.

मी खाल्ली. भाकर काही करपलेली नव्हती.

कोर्ट मोठं. दारातच माझी काठी ठेवून घ्यायला निघाले. मी म्हणालो काठी ठेवली तर मलाही इथंच ठेवा, तेव्हा सोडलं. आत दोन न्यायमूर्ती शेजारी शेजारी. मी शेवटच्या बाकावर एका टोकाला, बहीण दुसऱ्या टोकाला. वकीलबाई उभी राहिली. अंगानं एवढीशी, पण आवाज खणखणीत. सगळं इंग्रजीत. मी कान देऊन बसलो होतो, की आता माझं नाव पुकारतील. कुणी पुकारेना. तासभर ते कागदं उलटत होते. माझं सगळं सांगणं त्या बांधलेल्या कागदांत निजलेलं, आणि मी इकडं जागा.

मग एक न्यायमूर्ती मराठीत म्हणाले, "मूळ मराठी साक्ष काढा."

पानं उलटली. आणि त्यांनी माझी वाक्यं मोठ्यानं वाचली. माझीच, माझ्याच बोलीत, एक अक्षर न बदलता. शेळ्या चारून राहिलो होतो. काम करून राहिला होता. येऊन राहिला होता. त्या उंच खुर्चीवरून आमच्या बोराटीतली भाषा खाली आली, आणि माझी छाती अशी फुगली की बंडीची बटणं ताणली.

सरकारी वकील म्हणाले, "राहिला म्हणजे थांबला. उभा राहिला."

वकीलबाईनं बोट कागदावर ठेवलं. "मग 'मी शेळ्या चारून राहिलो होतो' याचं भाषांतर चारत होतो असं केलंय. 'काम करून राहिला होता' याचं करत होता असं केलंय. तोच माणूस, तीच बोली, लागून तीन वाक्यं. दोन वाक्यांत काम चालू, आणि तिसऱ्यात एकदम माणूस उभा?"

आता मला राहवेना. मी उठलो. "येऊन राहिला म्हंजी येऊन राहिला!"

सगळ्यांच्या माना फिरल्या. पोलीस धावला. बहिणीनं कपाळाला हात लावला. वकीलबाईनं मान खाली घालून काहीतरी सांगितलं, बहुतेक हा तोच साक्षीदार म्हणून. वाचणारे न्यायमूर्ती माझ्याकडं बघून म्हणाले, "बाबा, बसा. तुम्ही तेव्हा जे सांगितलं ते आम्ही वाचणार. आता जे सांगाल ते आम्हाला ऐकता येत नाही."

"पण मी तेच सांगून राहिलो, साहेब."

"तेच असेल तर मग काळजी कसली?"

मी बसलो. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. बाजारात मी एकदा शेळीचा भाव सांगितला की दुसऱ्यांदा सांगत न्हाई. त्यांचंही तसंच दिसलं.

निकाल राखून ठेवला. बाहेर वकीलबाईनं आम्हाला चहाच्या टपरीवर नेलं. मी एका बाकड्यावर बसलो, बहीण दुसऱ्यावर, माझ्याकडं पाठ करून. पण कान सगळे आमच्याकडंच होते, ते मला दिसत होतं. म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं विचारत होतो.

"खालच्या कोर्टानं माझा शब्द खरा धरला, तरी पोरगा आत. मंग वरचं कोर्ट काय येगळं करणार?"

"तुमचा शब्द खरा धरला तेच आता कामाला येतंय," ती म्हणाली. "खालच्या जज्जसाहेबांनी तुम्हाला बोलताना डोळ्यांनी बघितलं. त्याला वरचं कोर्ट मान देतं. तुम्ही खरे की खोटे हे ते सहसा नव्यानं ठरवत नाही. पण तुम्ही नेमकं काय बोललात, हे कागदावरून पुन्हा वाचता येतं. आणि साक्ष पूर्ण वाचायची असते, मधलं एक वाक्य उचलून नाही. तुम्ही 'दोन्ही हातांनी' म्हणालात ना?"

"व्हय. दोन्ही हातांनी."

"लाकूड तोडायला निघालेला माणूस कुऱ्हाड कशी नेतो?"

"खांद्यावर. न्हाईतर एका हातात लोंबती."

"तेच त्यांना मघाशी सांगितलं. आणि सरकारनंच उभा केलेला साक्षीदार. त्याचं 'पहार हाणली' घ्यायचं आणि 'कुऱ्हाड घेऊन येऊन राहिला' टाकायचं, तर का टाकायचं ते सांगावं लागतं."

मग तिनं मेलेल्याच्या भावाचं सांगितलं. त्यानंही साक्ष दिली होती की भाच्यानं मागून येऊन मारलं. डॉक्टरनं घाव समोरून लिहिलेला. घरचं माणूस आहे म्हणून खोटं धरत नाहीत, ती म्हणाली, पण घरचं असलं की जरा घासून बघतात. आणि डोळ्यांनी बघितलं म्हणणारा आणि घाव, दोघं दोन दिशेला गेले की मग अवघड. मला त्याचा राग न्हाई. त्याचा भाऊ गेला होता.

"आन पोराचा हात?"

"तो सगळ्यात मोठा. अटक केली तेव्हाच हातावर जखम होती, डॉक्टरांनी लिहिलीय. ती कुठून आली ते पोलिसांनी सांगायला हवं होतं. तारेनं कापलं असेल म्हणाले. असेल म्हणून चालत नाही."

"असणार येगळं आन दिसलं येगळं," मी म्हणालो. ती हसली.

पण मला एक खटकत होतं. "पोरगा तर म्हणाला होता मी तिथं न्हवतोच. आता कसं म्हणणार की जीव वाचवायला हाणली?"

"त्यानं म्हणायलाच पाहिजे असं नाही. सरकारच्याच पुराव्यातून दिसलं की त्याच्या जिवावर आलं होतं, तर कोर्टानं ते आपणहून बघायचं. आणि गुन्हा शाबित करायला सरकारला जेवढं वजन टाकावं लागतं, तेवढं त्याला नाही टाकावं लागत. असं घडलं असण्याचा संभव जास्त आहे, एवढं दिसलं तरी पुरतं. फक्त घाव गरजेपुरता पाहिजे. समोरचा पडल्यावर दुसरा घातला असता, तर मी काही बोलू शकले नसते. तुम्ही 'एकदाच' म्हणालात, तो शब्द मी चारदा वाचून दाखवला."

"मंग आधीच्या वकिलानं मला कुऱ्हाडीचं काहून विचारलं न्हाई?"

"कसं विचारणार? पोरगा तिथं नव्हता म्हटल्यावर त्याच्यावर कुऱ्हाड कोण घेऊन येईल?"

इतकी वर्षं मला हा गुंता सुटत नव्हता, आणि तो चहा निवायच्या आत सुटला. तेवढ्यात पलीकडच्या बाकड्यावरून, पाठ तशीच ठेवून, बहीण बोलली. मला न्हाई, वकीलबाईला.

"बाई, याच्या जागी दुसऱ्या कुणी असं म्हणलं असतं, की मी वढ्याच्या पल्याड व्हतो, मला काही दिसलं न्हाई. मंग?"

"मग आज माझ्या हातात काहीच नसतं, मावशी. तुमच्या मुलावर कुऱ्हाड आली होती हे सांगणारं जगात दुसरं कुणी नव्हतं."

बहिणीनं चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. प्याली न्हाई, धरून बसली. बोलण्यासारखं माझ्या तोंडातही भरपूर होतं, पण बाईनं बोलून टाकलं होतं आणि माझ्यापेक्षा चांगलं.

परतीच्या गाडीत ती पुन्हा वेगळ्याच सीटवर. मी म्हणालो ना, त्याच घरची.

पावसाळा लागायच्या आधी निकाल आला. निर्दोष. वकीलबाईनं फोनवर मराठी करून सांगितलं. कुऱ्हाड अंगावर येताना दिसल्यावर माणूस आपला घाव सोनाराच्या काट्यावर मोजत बसत नाही, असं लिहिलंय म्हणाली. आणि माझ्याबद्दल असं, की हा साक्षीदार खेड्यातला आहे, त्याला अंतर फुटात सांगता आलं नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. त्यानं दिसलं ते सांगितलं आणि न दिसलेलं सांगायचं नाकारलं.

"पुन्यांदा वाचा," मी म्हणालो.

तिनं वाचलं.

"आणखी एकदा."

"बाबा, मला दुसरं काम आहे."

भाचा घरी आला ती संध्याकाळ. फाट्यावर उतरून चालत आला. बोळात माणसं जमली. मी ओसरीवरून बघितलं: वाळला होता, आणि डाव्या हातावर कोपराखाली पांढरा वण. त्यानं लांबूनच हात जोडले. मी काठी वर केली. उठलो न्हाई. बोलावणं आलेलं नव्हतं.

तो आईच्या दारात पोचायच्या आधी शेजारच्या दाराशी थांबला. तिथं त्याच्या चुलत भावाची बायको उंबऱ्यात उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि आत गेली. दार तिनं लोटलं न्हाई, उघडं ठेवलं. ते पुष्कळ होतं.

माणसं पांगली तशी बहीण बोळात आली. माझ्या ओसरीपुढं उभी राहिली. उभी राहिली म्हणजे खरोखर उभी राहिली, इथं भाषांतराची तकलीफ न्हाई.

"दादा, पाट मांडलाय."

"भाऊबीज तर कवाच गेली."

"भाऊबीज काय तुज्या बापाची हाये?"

"तुज्या बी बापाची हाये."

ती हसली. चार वर्षांनी ऐकलं ते. आमच्या मायसारखं हसते, आधी नाकातून.

घरात गोडधोड काही केलेलं नव्हतं. भाच्यानंच सांगितलं होतं, शेजारच्या घरातला माणूस गेलाय, माझ्या सुटण्याचं पुरण नको. पिठलं, भाकरी आणि ताटात एक दिवा. मी पाटावर बसलो. तिनं कुंकू लावलं, तांदूळ लावले, ओवाळलं. एकदा ओवाळून थांबेना, ओवाळतच राहिली.

"किती ओवाळशील? दिवा इझंल."

"मागची बाकी हाये."

मग ताट पुढं धरलं. मी बंडीचा खिसा चाचपला. आत बिडीचं बंडल आणि शेळीच्या जंताची गोळी.

"रिकाम्या हातानं आला?" ती भाच्याकडं बघून म्हणाली. "बघ तुजा मामा. कोर्टात एवढं बोलला, इथं पाटावर बसून गप."

"सकाळी देतो," मी म्हणालो. "मी बोललो की बदलत न्हाई, ते आता कागदावर हाये."

भाच्यानं डोक्यावर पदर घेतलेल्या आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी पिठल्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवस उगवायच्या आत मी कोठ्यात गेलो. कळपात एक पाट होती, म्हणजे न व्यालेली तरणी शेळी, पांढऱ्या कानांची, आखाडा बाळापूरच्या बाजारात तिघांनी मागितली तरी न दिलेली. तिला धुतली, गळ्यात नवं दावं घातलं, बोळातून ओढत नेली आणि बहिणीच्या दारातल्या खुंट्याला बांधली.

बहीण दात घासत बाहेर आली. "ही काय?"

"काल पाटावर बसवलंस, म्हणून पाट आणली."

तिनं शेळीचे कान बघितले, दात बघितले, पोटाखाली हात घालून बघितला. शेळकऱ्याची लेक. मग म्हणाली, "चांगली हाये. पण हिला चारायला नेणार कोण?"

"मीच. नेऊन राहिलो न्हाई का?"

आणि नुकतीच बांधलेली पाट खुंट्यावरून परत सोडून, तिच्या दोन शेळ्या आणि शेजारची एक सोबत घेऊन, मी विहिरीकडच्या बाभळीच्या वाटेला लागलो.